अंगातल्या वाफा

सेवकराम रहांगडालेचा आवाज अर्ध्या कामठा गावाला ऐकू जायचा. धानाच्या बांधीत पाणी फुटलं की तो धुऱ्यावरून, शेताच्या बांधावरून, ओरडायचा, आणि रोवणीच्या बाया पदर तोंडाला लावून हसायच्या. लग्न होऊन आली तेव्हा सुमित्राबाई या आवाजाला भ्यायची. मग सवय झाली. पुढे पुढे तर तो आवाज शेताकडच्या पांदणीच्या वळणावर ऐकू आला की ती चुलीवर चहाचं आंधण ठेवायची. माणूस रागीट होता, पण खोटा नव्हता. सकाळी ताट फेकलं असेल तर संध्याकाळी गोंदियाहून येताना तिच्यासाठी काचेच्या बांगड्या आणायचा आणि काही न बोलता माचावर ठेवून द्यायचा.

पोरं मोठी झाली. चंद्रकुमारनं गोंदियात मोटारपंपाचं दुकान टाकलं आणि बायको टीनाला घेऊन तिकडेच राहायला गेला. धाकटी डिंपल देवरीला दिली. कामठ्याच्या घरात दोघंच उरले, तरी खोलीतल्या दोन खाटा एकमेकींना लागूनच राहिल्या. साठी उलटलेल्या नवरा-बायकोत आता काय उरलं असणार असं लोकांना वाटतं. सुमित्राबाईला ठाऊक होतं काय उरलं आहे, आणि ते कुणाला सांगायची गोष्ट नव्हती.

दुखण्याची सुरुवात लघवीपासून झाली. सेवकराम घरामागच्या सांदवाडीत जायचा आणि लवकर परत यायचा नाही. विचारलं की वैतागायचा. मग कंबर दुखायला लागली. त्यानं तेल चोळून घेतलं, गोंदियाच्या डॉक्टरच्या गोळ्या खाल्ल्या, लाख उपाय केले. शेवटी एकदा लघवी पूर्ण अडली, नळी घालावी लागली, आणि तिथल्या डॉक्टरनं नागपूर गाठायला सांगितलं.

नागपूरच्या दवाखान्यात रक्त तपासलं, सुई टोचून आतला तुकडा काढला, हाडांचा फोटो काढला. सगळं हातात आल्यावर चंद्रकुमार म्हणाला, बाबूजींना बाहेर बसू दे, आपण दोघं आत जाऊ. सुमित्राबाई मुलाच्या मागून गेली.

डॉक्टर तरुण होता, वर्ध्याकडचा. घाईत वाटला नाही. त्यानं तिला खुर्ची दिली आणि तिच्याकडेच बघून बोलला.

"आई, पुरुषाच्या अंडकोशात दोन गोळ्या असतात. त्यांत एक रस बनतो आणि तो रक्तात मिसळतो. पोरगा वयात येतो, दाढी-मिशी येते, आवाज फुटतो, हाडामासाला जोर येतो, बाईची ओढ वाटते, बीज तयार होतं, हे सगळं त्या रसाच्या जोरावर चालतं. किती बनवायचा त्याचा हुकूम डोक्यातून येतो. माणूस घ्या, बैल घ्या, बोकड घ्या, कारभार एकच आहे."

"हो," सुमित्राबाई म्हणाली. बैलाचं तिला कुणी सांगायला नको होतं.

"लघवीच्या पिशवीखाली एक ग्रंथी असते. बीजाला लागणारं पाणी ती बनवते. तीही याच रसावर पोसते. बाबांच्या त्या ग्रंथीत कॅन्सर झाला आहे आणि तो हाडात उतरला आहे. आता काढून टाकण्यासारखा राहिला नाही. पण तोही तोच रस खातो. रस बंद केला तर त्याची उपासमार होईल. दुखणं थांबेल. काही काळ बरा जाईल, वर्ष, दोन वर्षं, कुणाला जास्तही."

"अन् रस बंद कसा करतात?"

"दोन रस्ते आहेत. दर तीन महिन्यांनी सुई घ्यायची, त्यानं डोक्यातून येणारा हुकूमच थांबतो. नाहीतर छोटं ऑपरेशन करून त्या गोळ्या काढून टाकायच्या. परिणाम दोन्हीचा सारखाच."

बाहेर आल्यावर चंद्रकुमारनं आईला जिन्याजवळ थांबवलं. त्याचा चेहरा उतरला होता. "माय, बाबूजीले हे सांगू नको. लघवीच्या नळीचं ऑपरेशन आहे म्हनू. मागून समजलं तर समजलं."

"अन् शुद्धीवर आल्यावर हात लावून पायतीन, तवा का सांगशीन?"

बापाशी चंद्रकुमार आयुष्यात कधी डोळा वर करून बोलला नव्हता, आणि हे तर बोलण्यासारखंच नव्हतं.

"त्याहिच्या अंगातलं काढाचं अन् त्याहिलेच सांगाचं नाही, असं कोठी असते का रे?" सुमित्राबाई म्हणाली. "तू च्या पिऊन ये. मी सांगतो."

सेवकराम दवाखान्याच्या आवारातल्या बाकावर बसला होता. नळीची पिशवी त्यानं दुपट्ट्याखाली झाकली होती. डब्यातले पोहे तो खात होता, भूक नसलेल्या माणसासारखा, एकेक घास. सुमित्राबाई शेजारी बसली. कुठून सुरुवात करावी हे तिला कळेना, म्हणून तिनं शेवटाकडूनच केली.

"तुमचं खालचं काढा लागते म्हनते डॉक्टर. दोन्ही."

त्याचा घास हातातच राहिला. मग त्यानं एकच शब्द विचारला.

"खच्ची?"

"हो."

तिनं जमेल तसं सगळं सांगितलं. रस काय, गाठ काय, हाड काय. सुईचंही सांगितलं. गावात जनावरांचा डॉक्टर चिमटा घेऊन यायचा तेव्हा गोऱ्ह्याला आडवं पाडून धरायला सेवकरामलाच बोलावत. त्याच्या पकडीतून गोऱ्हा हलत नसे. हे दोघांच्याही मनात त्या बाकावर आलं असणार.

"चंदू का म्हनते?" त्यानं विचारलं.

"तो म्हनत होता, सांगू नको."

सेवकरामनं डब्याचं झाकण लावलं. "बैलाले कोनी इचारत नाही. तू सांगतलं तरी." आणि उठता उठता म्हणाला, "घरी चाल."

चंद्रकुमारनं समजावलं, रेल्वे गोंदियाला पोचेपर्यंत समजावत राहिला. सेवकराम खिडकीबाहेर बघत होता. मरन आलं तर सारा मरीन, अर्धा मरनार नाही, एवढंच तो एकदा बोलला, तेही हळू. डब्यातल्या कुणी ऐकलं नाही.

धानाची कापणी झाली, भारे बांधून खळ्यावर आले. सेवकराम काठी घेऊन खळ्यावर जायचा, पण त्याच्याच्यानं बसवत नव्हतं आणि उभंही राहवत नव्हतं. अंगातलं मांस झडत चाललं होतं. जेवताना त्याचा चेहरा मधेच ताठ व्हायचा आणि सुमित्राबाईला कळायचं, कळ आली. एक दिवस ताटात भात वाढता वाढता तिचा हात थांबला.

"मले तुमी जित्ते पाहिजे," ती म्हणाली. "बाकी मले कायी नको."

"बाकी म्हनजे का, तुले समजून राहिलं का?"

"समजून राहिलं. पोट्टी नाही मी."

त्यानंतर दोन-तीन दिवसांत असं झालं की तो धुऱ्यावर बसला आणि त्याला उठताच येईना. एक पाय लाकडासारखा झाला होता. त्यानं ओरडून कुणाला बोलावलं नाही. सुमित्राबाई विळा ठेवायला तिकडून चालली होती म्हणून तिला दिसलं. तिच्या खांद्यावर भार टाकून तो कसाबसा उभा राहिला आणि म्हणाला, "चंदूले फोन लावाले सांग. नागपूरले जाऊ."

डॉक्टरनं पुन्हा सुईचं विचारलं. सेवकरामनं मान हलवली. "सुई घेतली तरी होईन तेच नं?"

"तेच होईल. फक्त अवयव जागेवर राहतील."

"नुसत्या नावाले राहून का करतीन? पुरात गावचा रस्ता बंद झाला की सुई चुकन, अन् दुखनं परत येईन. काढून टाका."

त्यानं सही केली. ऑपरेशन होईपर्यंत सुमित्राबाई बाहेर बसून राहिली. आपण त्याला वाचवलं की त्याच्याकडून काही हिसकावून घेतलं, हे तिला त्या दिवशी कळलं नाही आणि नंतरही कधी पुरतं कळलं नाही.

दुखणं थांबलं. डॉक्टर म्हणाला होता त्याहूनही लवकर थांबलं. पायात जोर आला, नळी निघाली, आठवडाभरात सेवकराम अंगणात फिरायला लागला. लेक-जावई भेटायला आले, सेवकरामचा भाऊ लीलाधर रोज यायचा. गावात सगळ्यांना मुतखड्याचं ऑपरेशन सांगितलं होतं. सेवकराम सगळ्यांशी दोन शब्द बोलायचा आणि घरात निघून जायचा.

अंगणात फिरायला लागल्याच्या दुसऱ्याच दिवशी त्यानं आपली खाट ओढत ओसरीवर नेली. गरम होतं म्हणाला. दिवस थंडीचे होते. सुमित्राबाईनं त्याच्या पायावर गोधडी टाकली आणि आत येऊन रिकाम्या जागेकडे बघत बसली. खाटेच्या पायांनी सारवणावर चार खळगे पडले होते. तिनं ती जागा नव्यानं सारवून घेतली.

पानठेल्यावर जाणं त्यानं सोडलं. एक दिवस भाजी निवडताना तिच्यासमोर येऊन बसला आणि म्हणाला, "माहा आवाज बदलला का?"

"नाही."

"खरं सांग."

"डॉक्टरनं सांगतलं नं, एकदा फुटलेला आवाज परत बारीक होत नाही."

त्याचा विश्वास बसला नाही. डिंपलला फोन लावून त्यानं उगाच पाऊसपाण्याच्या गोष्टी केल्या आणि शेवटी विचारलं, माझं बोलणं तुला नीट ऐकू येतं का, वेगळं वाटतं का. डिंपल म्हणाली, तुम्ही हळू का बोलता बाबूजी, तब्येत बरी नाही का? फोन ठेवल्यावर तो बराच वेळ मोबाइल पुसत बसला. आवाज तोच होता. त्याला ओरडावंसं वाटत नव्हतं, एवढंच.

मग गरम वाफांची गोष्ट झाली. त्या दिवशी दुपारी सुमित्राबाई लाखोरीची डाळ पाखडत होती आणि तो भिंतीला टेकून बसला होता. एकाएकी त्याच्या मानेवरून लाली चढली, कपाळ घामानं डबडबलं, आणि त्यानं बंडी ओढून काढली. छातीवर, पाठीवर पाणी. डोळे घाबरलेले.

"मले का होऊन राहिलं? काळीज फुटते का काय?"

सुमित्राबाईनं सूप खाली ठेवलं. जवळ जाऊन तिनं त्याच्या मानेला हात लावला आणि तिला एकदम ओळख पटली. ही आग तिच्या ओळखीची होती.

"घाबरू नोका," ती म्हणाली. "उतरते आता. अंगातून वाफा निंगतात अशा. बसून राहा." ती ओला टॉवेल घेऊन आली, त्याच्या मानेवर ठेवला, पदरानं वारा घातला. "थंड पानी एकदम पेऊ नोका. घोट घोट प्या. मांगून थंडी वाजन, तवा बंडी घाला."

झालं तसंच. आग उतरली, आणि तो कुडकुडायला लागला. बंडी घालून झाल्यावर तो तिच्याकडे बघत राहिला.

"तुले कसं मालूम?"

"बाईले होते. पाळी बंद होते तवा. मले होत होतं दोन-तीन वर्सं."

"मले कायी आठोत नाही."

"तुमाले कसं आठोन," ती म्हणाली. बोलायचं नव्हतं, पण इतक्या वर्षांचं आत राहिलेलं बाहेर आलं. "रोवनी चालू होती. मी बांधीतून उठून झाडाखाली जाऊन बसली, लुगडं भिजून गेलतं घामानं. तुमी सगळ्या बायांसमोर म्हनले, नाटकं करते. मी परत जाऊन चिखलात उभी राहिली."

तिला त्याला दुखवायचं नव्हतं. ती सूप घ्यायला वळली, आणि मागून आवाज आला म्हणून पुन्हा वळून बघितलं. सेवकराम रडत होता. बापाच्या मयतीला न रडलेला माणूस दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून, तोंड न झाकता रडत होता.

"मी म्हनलो असं?"

"जाऊ द्या."

"चिखलात उभी राहिली तू," तो म्हणाला, आणि पुन्हा रडला.

असं रडू त्याला आता कशानंही यायचं. डिंपल देवरीला परत निघाली की, वासरू गायीपासून तोडलं की, टीव्हीवर काही बघितलं की. डॉक्टरनं फोनवर सांगितलं, हेही त्यातलंच, रस थांबल्यावर काहींचं मन असं पातळ होतं. लीलाधर म्हणायचा, भाऊ म्हातारपणी देवमाणूस झाला. गावाला तो बदल आवडला होता. रोवणीला त्या वर्षी कुणी ओरडा ऐकला नाही. सुमित्राबाईला मात्र संध्याकाळी पांदणीकडे कान लावायची सवय मोडत नव्हती. तो कधी येऊन दारात उभा राहायचा ते कळायचंच नाही आणि ती दचकायची.

एकदा दुपारी, घरात कुणी नसताना, ती ओसरीवर त्याच्या खाटेच्या कडेला बसली. त्याच्या दाढीचे केस विरळ झाले होते, छाती सुटून मऊ पडली होती. तिनं आपला हात त्या छातीवर ठेवला. किती तरी महिन्यांनी. त्यानं तो हात काढला नाही, आपल्या हातात धरून ठेवला. मग डोळे मिटूनच बोलला.

"कायी होत नाही, सुमित्रा. आठोते सारं. तू पह्यल्यांदा माहेरून आली, तेबी आठोते. पर दुसऱ्याच्या घरची गोष्ट आयकाव तसं वाटते."

"राहू द्या," ती म्हणाली. "मी तशीच बसली."

ती तशीच थोडा वेळ बसून राहिली. मग कोंबड्यांना दाणे टाकायच्या निमित्तानं सांदवाडीत गेली आणि तिथं भिंतीकडे तोंड करून रडली. आपण म्हटलं होतं, बाकी काही नको. ते खोटं नव्हतं. पण ते म्हणताना बाकी म्हणजे किती मोठं असतं हे तिला ठाऊक नव्हतं. आणि हे दुःख कुणापाशी बोलावं अशी जगात एकही बाई नव्हती. नवरा समोर चालता-फिरता असताना कोणत्या तोंडानं सांगायचं, की मला माझ्या नवऱ्याची आठवण येते?

त्याच आठवड्यात तिनं आपली खाट ओसरीवर आणली. सेवकरामनं विचारलं, तुला थंडी नाही का वाजणार. ती म्हणाली, वाजली तर वाजली. त्यानं आपली खाट सरकवून जागा केली.

पुढचा काळ वेगळाच गेला. धान निघालेल्या बांधीत लाखोरी उगवली की कोवळा पाला खुडायला बाया जातात. हे बायांचं काम. सेवकराम तिच्यासोबत जायला लागला. पहिल्या दिवशी शेजारच्या बांधीतून कुणीतरी हसलं. पूर्वीचा सेवकराम असता तर गावभर दंगा झाला असता. तो नुसता म्हणाला, "हसू दे," आणि बसून पाला खुडत राहिला. खुडता खुडता तो तिला विचारायचा. डिंपलच्या वेळी बाळंतपणात किती त्रास झाला होता, तिची माय गेली तेव्हा त्यानं तिला किती दिवस माहेरी राहू दिलं होतं, लग्नात तिला तो आवडला होता का. ती उत्तरं द्यायची. काही उत्तरं ऐकून त्याचे डोळे भरायचे, काही ऐकून तो हसायचा. पस्तीस-चाळीस वर्षांच्या संसारात जेवढं बोलणं झालं नव्हतं तेवढं त्या दोन हिवाळ्यांत झालं. सुमित्राबाईला कधी कधी वाटायचं, आपला नवरा गेला आणि त्याच्याच कपड्यांत आपल्याला एक सोबती मिळाला. असं वाटलं की तिला आनंदही व्हायचा आणि लगेच चोरट्यासारखंही वाटायचं.

दुसऱ्या हिवाळ्याच्या शेवटी कंबर पुन्हा दुखायला लागली. नागपूरचा डॉक्टर या वेळी बोलताना टेबलाकडे बघत होता. उपाशी ठेवलेली गाठ आता रसावाचून जगायला शिकली आहे, म्हणाला. गोळ्या दिल्या, त्यांनी थोडे दिवस ढकलले. सेवकरामला हे सांगायचं की नाही असा प्रश्न या वेळी कुणी काढला नाही. तोही समोरच बसला होता.

शेवटचे दिवस तो ओसरीवरच होता. चंद्रकुमार दुकान बंद करून आला आणि बापाचे पाय चेपत बसला. बापानं त्याच्या डोक्यावर हात ठेवला, तर एवढा मोठा गडी हमसून हमसून रडला. शेवटच्या दिवशी सकाळी सेवकरामनं सुमित्राबाईला जवळ बोलावून विचारलं, "तू जेवली का?" ती हो म्हणाली. ती जेवली नव्हती. ऊन ओसरीच्या पायरीपर्यंत आलं तोवर तो गेला.

तेरवीला सगळा गोतावळा जमला. जेवणं उरकल्यावर माणसं अंगणात बसली आणि लीलाधरनं भावाच्या गोष्टी काढल्या. शंकरपटात, बैलांच्या शर्यतीत, पंचानं चुकीचा निकाल दिला तेव्हा भाऊ बैल पळायच्या दाणीवर कसा आडवा झोपला होता. खताच्या दुकानदाराला पोत्यासकट कसं उचललं होतं. धुऱ्यावरचा ओरडा ऐकून बगळे कसे उडायचे. लोक हसत होते. रडून थकलेली डिंपलही हसली, चंद्रकुमारही. "बाबूजी आपले असेच होते," तो म्हणाला.

सुमित्राबाई दारात बसून ऐकत होती. एक बाई तिला म्हणाली, "तू बी सांग ना एखादी." ती सांगायला निघालीही. लाखोरीच्या बांधीतलं काहीतरी तिच्या ओठांवर आलं. मग तिनं त्या हसणाऱ्या तोंडांकडे बघितलं आणि तिच्या ध्यानात आलं की ज्या माणसाबद्दल ती सांगेल त्याला इथं कुणीच ओळखत नाही. त्याच्यासाठी रडायला ती एकटीच होती, आणि पहिल्यासाठीही तिचं रडणं अजून संपलं नव्हतं.

"मले नाही सांगता येत," ती म्हणाली, आणि उरलेल्या पंगतीसाठी पाण्याचे ग्लास भरायला उठली.